तिसरा पंप

बाळांनो, तुमच्या खोलीत सध्या पालक राहतो. रागावू नका, आधी सगळं वाचा.

तुम्ही गेल्यापासून आजोबांनी ती खोली जशीच्या तशी ठेवली होती. तुम्ही दोन वर्षांतून एकदा येता, पण दोन्ही पलंगांवरच्या चादरी ते दर रविवारी बदलायला लावत. त्यामुळे मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर भाजी लावायचं माझ्या मनात आलं आणि मी त्या खोलीचं नाव काढलं, तेव्हा ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "गच्चीवर लाव की."

"अहो, आपल्या सोलापूरच्या उन्हात पाण्याचा चहा होईल. हे घरातच करायचं, दिव्याखाली."

"दीड महिना देतो. तेवढ्यात भाजी ताटात आली नाही, तर तुझे पाइप बाहेर आणि मुलांचा पलंग जागेवर."

मी लगेच एक पलंग उभा करून भिंतीला टेकवला.

लोखंडी मांडणीवर एकाखाली एक असे तीन आडवे पाइप बसवून घेतले. पाइपांना भोकं, प्रत्येक भोकात जाळीचा छोटा कप, कपात रोप. खाली खत विरघळवलेल्या पाण्याचा ड्रम. ड्रममधल्या पंपाने पाणी सगळ्यात वरच्या पाइपात चढवायचं, मग ते मुळं भिजवत एकेक पाइप उतरून पुन्हा ड्रममध्ये पडतं. तेच पाणी दिवसभर फिरतं. नळाला चार-चार दिवस पाणी न येणाऱ्या गावात याहून शहाणी शेती कुठली असणार?

पहिला पंप मी माशांच्या टाकीचा आणला. दिसायला गोंडस, मुठीत मावेल एवढा. बटण दाबलं. पाणी नळीतून चढलं, मधल्या पाइपापर्यंत आलं आणि तिथेच उभं राहिलं. मी नळी हलवली, ड्रम हलवला. "दमलं बिचारं," आजोबा दारातून म्हणाले.

दुसरा पंप कूलरचा. खोक्यावर इंग्रजीत छापलं होतं, सहा फूट. माझा वरचा पाइप पाच फुटांवर, म्हणजे हिशेबात बसत होतं. पाणी वर पोचलंही, पण थेंबथेंब. तांब्या धरला आणि घड्याळ लावलं. तांब्या भरेपर्यंत माझी भाजी निवडून झाली! मी खोकं घेऊन तडक दुकानात गेले.

"यावर सहा फूट लिहिलंय. मी नीट वाचलंय."

"व्हय आजी, वाचलं बरोबर," दुकानदार हसायला लागला. "पण सहा फूट म्हंजे पाणी जिथं थांबतं ती उंची. तितं गेल्यावर धार न्हाय निघत. तुमाला जेवढं चढवायचंय त्याच्या दुप्पट आकडा बघा. धार जास्त झाली तर कॉक लावून कमी करा. कमी असली तर वाढवणार कुटनं?"

किती सोपं होतं! हे मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नव्हतं. मी दहा फुटांचा पंप आणि पितळी कॉक घेऊन आले. त्या दुपारी वरच्या पाइपातून जी धार सुटली ती बघून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. कॉक फिरवत फिरवत मला हवी तेवढी धार बसवली. तांब्या अर्ध्या मिनिटात भरला.

आठ दिवस रोपं तरारली आणि मग दुपारच्या वेळी माना टाकायला लागली. दीड महिन्यातले फक्त बारा दिवस उरले होते. मी पंप उघडून जाळी धुतली, आतलं पातं पुसलं. सगळं ठीक. संध्याकाळी पंप सुरू असायचा, रोपंही सावरलेली असायची. मला काही कळेना.

त्या दिवसांत मला रोज सकाळी बँकेत खेपा घालाव्या लागत होत्या. एक दिवस तिथलं काम लवकर आटोपलं आणि मी अकरालाच घरी आले. पंप बंद. बटण वर केलेलं.

"अहो, हे कोणी बंद केलं?"

"काय?"

"पंप!"

"मी कशाला हात लावू?"

ते खोटं बोलत नव्हते. मी पंप सुरू करून स्वयंपाकघरात गेले आणि दाराआडून बघत राहिले. ड्रममध्ये पाणी पडत होतं. पाच मिनिटांत आजोबा उठले, पेपर तसाच हातात, डोळे बातमीवर, खोलीत गेले, बटण बंद केलं आणि खुर्चीत येऊन बसले. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खोलीकडे.

"अगं, नळ वाहिल्यासारखं वाटलं," ते पुटपुटले.

त्यांना काय बोलणार? या गावात जन्म गेला. कुठेही पाणी पडताना ऐकू आलं की आम्ही आधी उठतो, मग विचार करतो. पहिल्या दिवशी मीही दोनदा उठले होते. जेवण झाल्यावर मी दिवे लावताना सगळी बटणं न बघता एकदम खाली करायचे, त्यात पंपही पुन्हा लागायचा, आणि तोवर आजोबांचा पेपर वाचून झालेला असायचा, म्हणून संध्याकाळी सगळं ठीक दिसायचं. पडणाऱ्या पाण्याची नळी ड्रममध्ये बुडवली असती तर आवाज गेला असता, पण पाणी वरून पडतं तेव्हाच त्यात हवा मिसळते आणि ती मुळांना लागते. आवाज राहायलाच हवा होता. आजोबांनाच सवय मोडावी लागणार होती.

चार दिवस ते खुर्चीचे हात धरून बसले. धार ऐकू आली की अर्धे उठायचे, परत बसायचे. "त्रास आहे हा," म्हणायचे. पाचव्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा आतून हाक आली, "अगं, ये लवकर! आवाज बंद झाला!"

लाईट गेली होती. धावत गेले तर आजोबा स्टुलावर चढलेले, हातात तांब्या. ड्रममधलं पाणी काढून वरच्या पाइपात ओतत होते. "वेडी, बघत काय उभी राहिलीस? दुसरा तांब्या आण. मुळं सुकतील!" लाईट येईपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने पाणी ओतत होतो. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या आणि ते मला धार कशी सोडायची ते शिकवत होते.

मुदतीच्या आदल्या दिवशी पालक कापला. भाकरीबरोबर, वरून लसणाची फोडणी देऊन. आजोबांनी दोनदा वाढून घेतला. हात धुऊन ते तुमच्या खोलीत गेले आणि बराच वेळ दुसऱ्या पलंगाकडे बघत उभे राहिले.

"हाही उभा करू," ते म्हणाले. "मुलं आली की खाली गाद्या घालू. इकडे अजून एक मांडणी बसेल. मेथी लावायची का?"