गॅलरीखालचं प्लास्टर

थोरल्या भावाच्या उचगावातल्या घराची गॅलरी मी खालनं हातोडीनं ठोकली, तर बद्द वाजली. प्लास्टर फुगलेलं, भेगेतनं गंजाचे तांबडे ओघळ. जन्मभर गवंडीकाम केलंय मी, आत सळी कुजलीय हे कळायला वेळ लागत नाही. म्हटलं, "दादा, आजच टेकू लाव. वर कुणाला पाठवू नको. पाडून नवी करू."

"खुळा का काय! ऐतवारी पोरीला बघाय पावणं येणार, आणि दारात टेकू? मोडकं घर म्हणून उठून जातील की! प्लास्टर मार, रंग दे. गवंडी हाईस, गवंड्यासारखा ऱ्हा. इंजिनेर हू नगंस."

चार माणसांसमोर बोलला. माझं डोकं असं सणकलं! घे मग, म्हटलं. सळ्यांचे पापुद्रे बोटानं निघत होते. त्यांच्यावरच माल थापला आणि असा घोटला, की तसं गुळगुळीत काम मी कधी केलं नव्हतं. वहिनी म्हणाली, "भावजी, घर कसं उजाळलं बघा." पडू दे, मग कळेल ह्याला, एवढंच माझ्या मनात.

ऐतवारी पावणं आलं, पोहे-चहा झाला, पुतणी पसंत पडली. आमच्यात पावणं निघालं की भावकीतल्या बाया मुलगा डोळं भरून बघायला गॅलरीत चढतात. सात-आठ जणी चढल्या, पुतणीला मधी ओढली. मी अंगणात होतो. ओरडलो असतो तर पावण्यांसमोर माझंच काम उघडं पडलं असतं. नाही ओरडलो.

गॅलरी भिंतीतनं तुटून खाली आली. बाकीच्यांचं हाता-पायावर निभावलं. पुतणीचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पावण्यांची गाडी थांबलीसुद्धा नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, योग नाही म्हणून.

दवाखान्यात थोरला माझ्या गळ्यात पडून रडला. "तुझं ऐकलं न्हाई रं!" चूक आपल्या एकट्याचीच, असं त्याला वाटतं. मीही वाटू दिलं.

परवा पुतणीला डबा घेऊन गेलो. खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. डबा बाजूला ठेवून म्हणाली, "काका, मी चहा घेऊन आले तवा तुम्ही तुमची खुर्ची गॅलरीखालनं उचलून अंगणात नेली. मला वाटलं, उन्हाला बसताय."