अकरा सामन्यांचे साहेब

आमचे बॅकसाहेब कुणालाही पाठ दाखवत नसत. वरिष्ठांच्या खोलीतून निघताना ते तोंड समोर ठेवून उलटे चालत दारापर्यंत येत. वरिष्ठांना तो दरबारी मान वाटे आणि ते खूश होत. खरं कारण इतकंच, की हा माणूस विलायतेत फुटबॉलमध्ये 'बॅक' म्हणून, म्हणजे गोल राखणाऱ्या मागच्या फळीत, खेळलेला होता. समोरच्यावरची नजर काढायची नाही, ही तिथली शिकवण त्याच्या अंगात मुरली होती.

राणीच्या राज्याची ती शेवटची वर्षं. कल्याणला ते रेल्वेच्या रुळांचे इन्स्पेक्टर होते आणि मी त्यांचा कारकून. मराठी ते रुळांवरच्या गँगमन लोकांकडून शिकले. हे सारे कळव्याकडचे आगरी, त्यामुळे साहेबांचं मराठीही आगरी. एकदा मामलेदार भेटीला आले, तेव्हा साहेब आनंदाने म्हणाले, "ये रं, बस. जेवलास का?" मामलेदार बसले. जेवून आल्याचंही त्यांनी अदबीने सांगितलं.

खेळाविषयी विचारलं की साहेब म्हणत, "मोठ्या क्लबान नाय रं, खालच्या. अकरा म्याच खेललो. बाराव्यान गुडघा मोरला."

"अकराच?" आमच्या गँगचा मुकादम पदू विचारी. "आमचा बैल यापरीस जास्ती शर्यती धावला, साहेब."

"तुझ्या बैलाला कोन आडवा जात नाय!"

एकदा मला म्हणाले, "गोल मारनाऱ्याचं नाव छापून येतं. आमचं कवा येतं? गोल खाल्ला की." रुळांच्या खात्याचंही तसंच होतं. गाडी रुळांवरून घसरेपर्यंत आमची नावं कुणाला ठाऊक नसत.

तो मोडलेला गुडघा त्यांनी रेल्वेपासून लपवला होता. इन्स्पेक्टरने रूळ पायी चालून तपासायचा, असा नियम. पाय अधू आहे हे कळलं असतं, तर त्यांची विलायतेला परत रवानगी झाली असती. आणि परत जाऊन करण्यासारखं त्यांना काही येत नव्हतं. एका थंडीत गुडघा फारच सुजला. पदूने त्यांना ट्रॉलीवर बसवलं, चार माणसं ढकलायला लावली आणि स्वतः मागून चालत रुळांचे सांधे पाहू लागला. स्टेशन आलं की साहेब उतरून वीस पावलं ऐटीत टाकत. मी वहीत 'पायी तपासणी' असं लिहीत असे. अक्षर माझं चांगलं होतं.

असे तीन महिने गेले. एके दुपारी पदू सहज म्हणाला, "साहेब, सकाली कलव्याच्या खाडीपाशी एका सांध्याचे दोन बोल्ट सैल व्हते. आवलले मी."

ट्रॉली त्यावरूनच गेली होती. वर बसलेल्या साहेबांना ते दिसलेही नव्हते. साहेब मला म्हणाले, "वही काढ. लिव, ट्रॉलीवरना गेलो, चाललो नाय."

"साहेब, नोकरी जाईल. गाड्या तर सुखरूप गेल्या."

"गोल झाला नाय म्हनून मी जाग्यावर व्हतो, असं नाय व्हत रं."

"किती दिवसांचं लिहू?"

"सगल्या. आन खाली लिव, कारकुनाला मी सांगितलं तसंच त्यानं लिवलं."

त्या एका ओळीने माझी नोकरी वाचली. त्यांची आठ दिवसांत गेली.

जायच्या दिवशी त्यांनी हट्ट धरला की मुंबईची गाडी ठाण्याला पकडायची. कळव्यापर्यंत ट्रॉलीने गेलो. तिथे ते उतरले, पदूच्या खांद्यावर हात टाकला आणि चालू लागले. दर सांध्याशी थांबत, हातोडीने ठोकून कान देत. सामान डोक्यावर घेऊन गँग मागे, वही घेऊन मी त्यांच्यामागे. पदू एकदाच म्हणाला, "साहेब, बसा जरा."

"गप रं. मोजतोय."

ठाण्याला पोचेपर्यंत त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी फलाटावरच वहीत लिहिलं, 'कळवा ते ठाणे, पायी तपासणी, सर्व सांधे ठीक.' सही करायचा अधिकार त्यांना आता राहिला नव्हता. मी वही पुढे केली, त्यांनी सही केली.

पुढे वरिष्ठांनी ती वही तपासली. माझ्या तीन महिन्यांच्या सुबक खोट्या नोंदी त्यांनी तशाच राहू दिल्या आणि तेवढी ती कळवा-ठाण्याची एक, नियमाला धरून नाही म्हणून, लाल शाईने खोडली.