मी शून्य दिलेलं उत्तर

पेन्शनचा कागद अडला की खडकीतली माणसं प्रेमलाताईंकडे जातात. दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समागे त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. शिक्षण सातवी. पण परत आलेला अर्ज त्या एकदा वरून खाली वाचतात आणि चूक साहेबाचीच कशी आहे ते नियमाच्या आकड्यासकट सांगतात. यजमान गेल्यावर माझाही कागद अडला. मी कुसुम, नारायण पेठेतली, वय सत्तर. त्यांच्या घरात पाऊल टाकलं आणि भिंतीवर त्यांच्या आईचा, द्वारकाबाईंचा, फोटो दिसला. तो चेहरा मी ओळखला.

या बाईंच्या मुलीला मी मंदबुद्धी ठरवलं होतं.

एकोणऐंशी साली मी एका लहानशा संस्थेत मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घ्यायची. मूळ चाचणी पॅरिसची. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून ती निघाली होती; पुढे अमेरिकेत तिच्यावर माणसांची प्रतवारी लावू लागले. आम्ही तिचं मराठी केलं. म्हणजे काय, तर परदेशी प्रश्न काढून पेठेतले घातले. बरोबर उत्तरंही पेठेतल्याच चौघांनी ठरवली, त्यात मी एक. आमच्या घरात चालतं तेच शहाणपण, याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नव्हती.

सातवा प्रश्न होता, ‘घरी पाहुणे आले तर आधी काय कराल?’ उत्तर, ‘पाणी देऊ.’

नऊ वर्षांची प्रेमला म्हणाली, "आधी विचारीन, आमच्याकडचं पाणी चालेल का?"

मी शून्य दिलं. अशी आणखी काही शून्यं जमली आणि बुद्ध्यांक अडुसष्ट निघाला. शाळेने स्कॉलरशिपच्या वर्गातून तिचं नाव काढलं, ‘ड’ तुकडीत बसवलं, आणि सातवीनंतर हिला झेपणार नाही असं आईबापांना सांगून टाकलं. मी मात्र ते उत्तर ऑफिसात चहाच्या वेळी विनोद म्हणून सांगितलं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी.

त्या हसणाऱ्यांना एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. शाळेत गोंगाट होता, म्हणून ती चाचणी मी प्रेमलाच्या घरीच घेतली होती. मी टेकले तशी द्वारकाबाईंनी लखलखीत घासलेल्या पेल्यात पाणी आणलं. मी म्हटलं, "नको हो, उपास आहे माझा." घसा कोरडा पडला होता, तरीही. पाच मिनिटांनी मी सातवा प्रश्न विचारला. मुलीने नुकतंच डोळ्यांनी पाहिलेलं उत्तर दिलं, आणि मला पत्ता नाही! आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

प्रेमलाताई माझा अर्ज वाचत होत्या. गप्प बसून काम करून घेता आलं असतं. मला ती सवय होतीच. पण फोटोतल्या द्वारकाबाई समोर होत्या.

"ताई, लहानपणी तुमची चाचणी घ्यायला आलेली बाई मीच," मी म्हटलं. "तुमचं उत्तर बरोबर होतं. मी शून्य दिलं. मला माफ करा."

त्यांनी चष्मा काढला. अर्ज बाजूला ठेवला.

"उत्तर नाही आठवत मला," त्या म्हणाल्या. "तुमचा उपास आठवतो. आईने तो खरा मानला. पण बाई, उपासाला पाणी चालतं. नऊ वर्षांची होते, तरी ठाऊक होतं मला."