एफीचा शिशाचा बिल्ला

एफी मॅकइव्हरचं तोंड कोयत्यासारखं होतं आणि हात फावड्यासारखे. लुईस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तिची साठ वर्षं गेली ती दलदलीतली जळाऊ माती खणण्यात, टोपल्या वाहण्यात आणि पाच लेकरं पुरण्यात. वाचायला ती शिकली एका पवित्र शास्त्रापुरतं, आणि तेवढंच तिला महागात पडलं.

प्रभूच्या आठवणीत मेजाशी बसून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा, ते प्रभुभोजन वर्षातून एकदा. आदल्या शनिवारी चर्चच्या मंडळीचे पंच लायक माणसांच्या तळहातावर शिशाचा बिल्ला ठेवत. बिल्ला नसेल त्याला रविवारी मेजाशी जागा नाही. ते बिल्ले ओतायचा एफीचा नवरा टॉर्किल, जाळ्यांची शिशाची वजनं ओतायचा त्याच चुलीवर. आणि अकरा वर्षं त्याच्याच बायकोला बिल्ला मिळाला नव्हता.

कारण एक गाय. एका शब्बाथाला, कामाला हात लावायचा नाही अशा रविवारी, सगळं गाव उपासनेला बसलेलं, एफी तापानं घरी. तेवढ्यात पंच हेक्टर मॅकऑलेची गाभण गाय दलदलीत रुतली. एफीनं कमरेइतक्या चिखलात उतरून, दोर लावून ती बाहेर काढली. हेक्टरनं गाय गोठ्यात बांधली आणि एफीला शब्बाथ मोडला म्हणून मेजावरून उठवलं.

यंदा तिच्या छातीतली गाठ फुटली होती. पुढच्या वर्षी आपण नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मरायच्या आधी एकदा मेजाशी बसायचं, एवढंच तिच्या मनात होतं. शनिवारी ती हेक्टरपुढं जाऊन उभी राहिली.

"हेक्टर, मी चालले आता. एकदा बसू दे."

"चूक कबूल कर, मग बघू."

"कसली चूक? बैल आडात पडला तर शब्बाथाला काढाल का न्हाई, आसं प्रभूनंच इचारलंय. तुजी तर गाय हुती, ती बी गाभण."

"गाय माजी आसंल बाई, वार देवाचा हुता."

"आन् दूध रं? ते अकरा वर्सं कोन पितंय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. हेक्टरनं बिल्ल्यांच्या पिशवीचं तोंड आवळलं.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "टॉर्किल, एक वत माज्यासाठी."

"खोटा बिल्ला? देवाच्या मेजाशी?"

"खरा कंचा? शास्त्रात बिल्ला कुठं हाय, दाव मला. मान्सानं सोताला पारखावं आन् मग भाकर खावी, येवढंच लिवलंय. हेक्टरनं पारखावं आसं न्हाई लिवलं."

टॉर्किलनं चूल पेटवून शिसं वितळवलं.

रविवारी उघड्यावर मांडलेल्या मेजाशी हेक्टर बिल्ले गोळा करत एफीपाशी आला, आणि घात शिशानंच केला. चार वर्षांत नवा बिल्ला ओतला नव्हता, त्यामुळं गावातले सगळे हातोहात फिरून काळपट झालेले. एफीचा चकाकत होता; जुना असता तर दुसऱ्या पंचानं दिला म्हणून खपला असता. जन्मभर शिसं ओतणाऱ्या टॉर्किलच्याही हे ध्यानात आलं नाही. हेक्टरच्या मात्र लगेच आलं. त्यानं तो उन्हात वर धरला.

"ह्यो कुनी वतला?"

सगळ्या माना टॉर्किलकडं वळल्या. तो दोन माणसं पलीकडं बसला होता, भाकर तोंडात. एफी त्याच्याकडं बघत राहिली. बोल, एकदा बोल. टॉर्किलनं पांढऱ्या चादरीवर नजर रोवली आणि चावत राहिला.

"मीच," एफी म्हणाली. "चोरून. त्याला ठावं न्हाई."

दोघा पंचांनी तिला काखेत हात घालून उचललं. एकाचा हात नेमका गाठीवर पडला. ती गुरासारखी ओरडली. मंडळीनं स्तोत्र आणखी वरच्या पट्टीत लावलं.

त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. हेक्टरनं दुधाचा तांब्या पाठवला. तिनं तो कुत्र्यापुढं ओतायला लावला. मग एके दिवशी सातूची भाकरी मागून घेतली, मोडली, प्रार्थनेला ओठ हलवले, एक घास खाल्ला आणि वर घोटभर पाणी प्याली.

टॉर्किल उशाशी होता. "मला बी दे की," तो म्हणाला.

एफीनं ताटली त्याच्याकडं सरकवली. "हितं बिल्ला लागत न्हाई. सोताला पारख, आन् खा."

टॉर्किल ताटलीकडं बघत बसला. तिसऱ्या दिवशी एफीला मातीला उचललं, तेव्हा तो तुकडा तसाच होता, वाळून दगड झालेला.