विडोचं पुल्लिंग

१८ एप्रिल. सहावीचे इंग्रजीचे पेपर त्याच दिवशी तपासून संपवायचे होते, कारण दुसऱ्या दिवशी मुलीची हळद होती. 'लिंग बदला' हा प्रश्न मुलांना सोपा जातो. लायनचं लायनेस, होस्टचं होस्टेस. पुरुषाला शेपूट जोडलं की बाई तयार. विडोचं तेवढं उलटं आहे. तिथे मूळ शब्द बाईचा आणि शेपूट पुरुषाला, विडोअर. एका मुलीने 'विडो'समोर 'मॅन' लिहिलं होतं.

लाल पेन उचललं, तेवढ्यात धाकट्या जावेचा फोन आला.

"वहिनी, पाच सवाष्णी सांगून ठेवल्यात हं मी. तुम्ही आपलं स्वयंपाकाकडे बघा."

"सुनीता, मुलगी माझी आहे."

"ते आहेच हो. भाऊजी असते तर प्रश्नच नव्हता. पण लोकांची तोंडं कोण धरणार?"

माझा नवरा जाऊन चार वर्षं झाली. मोठ्या दिरांची बायको गेली, त्यानंतर पाचच महिन्यांनी त्यांच्या मुलाचं लग्न झालं. ते फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे होते, हळदही त्यांनीच आधी लावली. त्यांना कुणी स्वयंपाकाकडे पाठवलं नाही. विधुर हा शब्द आमच्याकडे फक्त वधूवर मंडळाच्या फॉर्मवर असतो. एरवी बायको गेलेला माणूस माणूसच राहतो.

त्या मुलीच्या उत्तरावर मी फुली मारली. परीक्षेत एकच शब्द बरोबर धरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सवाष्णी यायच्या आधी, मी वाटीत हळद कालवली, मुलीच्या दोन्ही गालांना लावली आणि हात न धुताच सुनीताला दार उघडलं.