यमुनाच्या नावाची कबड्डी, आणि मुलींच्या हाती औक्षणाचं ताट

यमुना गेली त्याला आज वर्ष झालं, आणि आज मला रडू येत नाही, राग येतोय.

वडशाकडच्या आमच्या गावात आज मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. मंडळानं त्या निमित्तानं कबड्डी ठेवली. चौकात भलं मोठं बॅनर:
‘कै. यमुनाबाई स्मृती कबड्डी स्पर्धा’.
खाली बारीक अक्षरात: ‘फक्त पुरुष गट’.

वाचलंत?
जिनं या गावातल्या मुलींना कबड्डी शिकवली, तिच्याच नावाच्या स्पर्धेत मुलींना जागा नाही!

यमुना माझी वर्गमैत्रीण. ढिवराची पोर, मासे धरणाऱ्या बापाबरोबर तलावात बुड्या मारून दम कमावलेली. शाळेत कविता म्हणायची वेळ आली की मी डोळे मिटून, चाल लावून, एकेका शब्दापाशी रेंगाळायचो. ती अख्खी कविता एका दमात उरकून खाली बसायची.

“यमुने, कविता आहे ती, चढाई नाही,” गुरुजी म्हणायचे.

किती कविता विसरलो. तिनं म्हटलेल्या मात्र अजून तिच्याच वेगानं आठवतात.

लग्न झालं, लेकरं झाली, रोवणी-कापणी चालूच राहिली. खेळ सुटला नाही. धान निघालं की रिकाम्या बांधीत, भाताच्या खाचरात, मुलींना घेऊन उतरायची. धसकटं टोचतात म्हणून कोणी कुरकुरली तर,
“टोचते तं पाय उचल ना वं! उभी काऊन राह्यली?”

मंडईत मॅट पुरुषांना. मुलींचं ‘नंतर पाहू’.
ते ‘नंतर’ तिच्या हयातीत आलं नाही.

सकाळी मंडळाच्या बबनला गाठलं.
“काऊन रे, पोरींचा एकही सामना नाई?”
“भाऊ, पोरींच्या खेळाले पब्लिक थांबत नाई. आन् त्यायले काम देल्लं ना! पाहुण्यायचं औक्षण त्याच करून राह्यल्या.”

औक्षण!
चढाई करणाऱ्या हातांत निरांजन!

दुपारी पाहुणे आले. मुलींना लुगडी नेसून यायला सांगितलं होतं. आल्या त्या खेळाच्या कपड्यांत. यमुनाची लाडकी मनीषा सगळ्यांच्या पुढे. तिनं ताट सरळ बबनच्या हातात दिलं.
“बबनभाऊ, तुमीच ओवाळा. आमाले खेळाले जाचं हाये.”

पाहुणा टिळ्यासाठी कपाळ पुढे करून तसाच उभा.

शेजारच्या कापलेल्या बांधीत मुलींनी राखेनं रेषा आखल्या.

मी स्टेजवर चढलो. हार घातलेला यमुनाचा फोटो उचलला आणि चालू लागलो.
“भाऊ, फोटो ठेवा! उद्‌घाटन बाकी हाये!”
“कर ना मंग. तुहा फोटो ठेव अन् कर.”

बांधीच्या कडेला, धुऱ्याच्या उंचवट्यावर फोटो टेकवला, मुलींच्या खेळाकडे तोंड करून. मॅटवर कोण जिंकलं, मला ठाऊक नाही. मी उठलोच नाही तिथून.

मंडळवाल्यांनो, फोटो माझ्या घरी आहे. मुलींचा गट जाहीर करा आणि घेऊन जा.

यमुना, भरल्या डोळ्यांनी आणि वळलेल्या मुठीनं तुला श्रद्धांजली.