गाय आडवी आली होती

दुपारच्या झोपेत मला एक स्वप्न नेहमी पडायचं. मी मोटारसायकलवर असायचो, रस्ता धानाच्या शेतांमधून जायचा, गाडीचा आवाज अजिबात यायचा नाही आणि माझ्या खांद्यावर बायकोचा हात असायचा. बस, एवढंच. कुठे पोचायचं नसायचं. जाग आली तरी खांदा थोडा वेळ जड वाटायचा. डोळे उघडून पाहावं तर ती पलीकडे चष्मा लावून पेपर वाचत बसलेली. वीस वर्षांच्या वर झाली, ती माझ्या मागे गाडीवर एकदाही बसली नव्हती.

का बसत नाही, हे सगळ्या गणगोताला ठाऊक होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही रायपूरच्या पंडरी कापडबाजारातून येत होतो, गाय आडवी आली, आम्ही पडलो आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. पडलो हे खरं, हाड मोडलं हेही खरं. गाय मात्र माझी. ती मीच जन्माला घातली होती.

झालं असं होतं. मी गाडी शिकलो ती वडिलांच्या जुन्या मोटारसायकलवर. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. पुरानी बस्तीच्या गल्ल्यांतून मी ती कॉलेजपासून हाकत आलो होतो. लग्नानंतर हौसेने नवी गाडी घेतली, तर तिचं सगळंच उलटं. ब्रेक उजवीकडे, गिअर डावीकडे. बायकोचे थोरले भाऊ गाडी बघायला आले होते. ते म्हणाले, "जावईबुवा, दोन दिवस मैदानात चालवून पाहा. पायाले सवय होऊ द्या." मला झोंबलंच ते. मला गाडी शिकवतात! दुसऱ्याच दिवशी मी बायकोला मागे बसवून पंडरीला साडीखरेदीला नेलं. परतताना समोर कापडाच्या गठ्ठ्यांचा हातठेला उभा होता. मी जीव खाऊन ब्रेक दाबला, पण डाव्या पायाने. गाडी थांबायच्या ऐवजी वरच्या गिअरमध्ये गेली. मी हँडल वळवलं आणि आम्ही दोघं रस्त्यावर आलो.

दवाखान्यात तिचे भाऊ धावत आले. "काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गाय आडवी आली."

पुढे ती गाय चांगली वाढली. कुणाच्या तरी बारशात ती पांढरी झाली, एका दिवाळीला तिचं एक शिंग मोडलं. माझी मुलगी मैत्रिणींना सांगायची, "पापा के सामने गाय आ गई थी, टूटे सींग वाली." अशा वेळी बायको बहुधा चहा ओतत असायची. ती कधी चकार शब्द बोलली नाही. हाड जुळल्यावर मला एवढंच म्हणाली होती, "मी आता तुमच्या मागे नाही बसणार." मग तिने कार शिकून घेतली. मी मोटारसायकल विकली आणि शेजारच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन बसू लागलो. ती उत्तम कार चालवते. मी मुकाट्याने बाहेर बघायचो.

आता त्रेपन्नाव्या वर्षी हे मोटारसायकलचं वेड डोक्यात कुठून आलं, सांगता येत नाही. चौबे कॉलोनीत आमच्या घराखाली कुणी गाडी सुरू केली की मी हातातला चहा ठेवून गॅलरीत जायला लागलो. ऑफिसची बस नव्या रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून जायची तेव्हा माझा उजवा हात आपोआप पिळला जायचा. शेवटी एकदा जेवताना मी म्हटलं, गाडी घ्यावी म्हणतो.

"घ्या ना," बायको म्हणाली. "मी नाही बसणार, एवढंच."

ती ते अगदी सहज बोलली, आणि मला ते फार लागलं. मला गाडी हवी होतीच, पण स्वप्नातला तो हात त्याहून जास्त हवा होता. लायसन्स तर कधीच मेलं होतं. इतक्या वर्षांनी नूतनीकरण होत नाही, नव्याने परीक्षा द्या, असं आरटीओच्या खिडकीतून सांगण्यात आलं. मला वाटलं, हे बरंच झालं. रीतसर शिकू, पास होऊ, मग तिचा विश्वास बसेल.

शिकवायला एक मुलगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. हिवाळ्यातल्या सकाळी सातला आम्ही मैदानात जायचो. धुक्यात मैदानाची पलीकडची कड दिसायची नाही. चुन्याने आखलेल्या आठाच्या आकड्यावर मी संथ फिरत राहायचो. दवाने चेहरा ओला व्हायचा, इंजिनाची ऊब मांड्यांना लागायची आणि आपण कितव्या वर्षात आहोत हेच समजायचं नाही. कधी मी तेवीस वर्षांचा असायचो, कधी कुठल्याच वयाचा नसायचो. मागची सीट तेवढी हलकी लागायची. मग धुक्यातून त्या शिकवणाऱ्या मुलीचा आवाज यायचा, "रोको!" आणि माझा डावा पाय खाली जायचा.

प्रत्येक वेळी हेच. सांगून थांबायचं असलं की उजवा पाय बरोबर चालायचा, दचकलो की डावा. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अंकल, आपका बायाँ पाँव बहुत डरपोक है. अचानक सड़क पर ऐसा हुआ तो किसी को लेकर गिरोगे."

मी मान डोलावली, "हव."

तिने मला घरचा अभ्यास दिला. खुर्चीवर बसायचं, आणि घरात कुठलाही अचानक आवाज झाला की उजवा पाय दाबायचा. आमच्या घरात भरवशाचा अचानक आवाज एकच, कुकरची शिट्टी. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो. पहिली शिट्टी, उजवा. दुसरी, उजवा. तिसरीला डावा गेला.

बायको कोथिंबीर निवडत होती. "हे काय करून राहिले जी?"

मी अभ्यास समजावून सांगितला. जुन्या गाडीचा ब्रेक डावीकडे होता, हेही सांगितलं. सांगता सांगता थांबलो. ती मान खाली घालून काड्या वेगळ्या करत होती. मला एकाएकी फार लाज वाटली. एवढं वय झालं, केस पिकले आणि मी अजून त्या गायीच्या आड उभा होतो.

"त्या दिवशी गाय नव्हती," मी म्हणालो. "मी चुकीच्या पायाने ब्रेक मारला."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी मागेच बसली होती ना. ठेला तर उभाच होता."

कुकरची चौथी शिट्टी झाली. दोघांपैकी कोणाचाच पाय हलला नाही.

"मग बोलली काहून नाही इतकी वर्षं?"

"चारचौघांत तुमाले खोटं पाडू काय? मले वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही तर तिचं शिंग मोडून बसले." तिने गॅस बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पडायची भीती मले नव्हती. पडतो माणूस. पण माझं हाड मोडलं अन् तुमाले दादासमोर तुमच्या इज्जतीची पडली होती. अशा माणसाच्या मागे कशी बसू?"

"चुकलो," मी म्हटलं. ती वरणाला फोडणी द्यायला वळली. त्या रात्री आम्ही नेहमीसारखे जेवलो.

परीक्षेत आठाचा आकडा झाला. साहेबांनी मध्येच हात वर केला आणि उजवा पाय खाली गेला. पास झालो तरी मनात म्हणावा तसा आनंद नव्हता. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते आता मागायचं तोंड मला उरलं नव्हतं.

लायसन्स हातात आलं त्या सकाळी मी फाटकाशी नुकतीच घेतलेली नवी गाडी पुसत होतो. बायको खाली आली. अंगात सलवार-कुर्ता, हातात नवं कोरं हेल्मेट. ते तिने कधी आणलं, मला पत्ता नव्हता.

"भाजी आणायची आहे," ती म्हणाली आणि एक पाय पलीकडे टाकून बसली. खांद्यावर हात आला. तो स्वप्नातल्यापेक्षा जड होता.

कॉलोनीतून मी अगदी हळू निघालो. पहिल्याच वळणावर रस्त्याच्या मधोमध एक गाय रवंथ करत बसली होती. गाडी जागच्या जागी थांबली. मी खाली पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर होता.

बायको माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "ही खरी आहे."

आम्ही थांबून राहिलो. गायीला काही घाई नव्हती, आणि खांद्यावरचा हात तसाच होता.